मोरपंखी ब्लाउज

लग्न पिंकीचं, पण डोकं चाललं होतं रेश्माचं. नातेपुत्याच्या बाजारपेठेत रेश्माचं ब्लाउज शिवायचं दुकान. धाकटी बहीण पिंकी रोज संध्याकाळी मोबाइल घेऊन तिथं येऊन बसायची आणि लोकांच्या लग्नातले फोटो दाखवायची. आजकाल नुसतं लग्न करून भागतंय होय? रंगांची थीम पाहिजे! महिनाभर दोघींचं हेच चाललं होतं. शेवटी सगळं रेश्मानंच जुळवलं. घरच्या बायकांना आंबाकलर, पुरुषांना आमसुली फेटे, शेजारणी-मैत्रिणींना लव्हेंडर. आणि नवरीच्या मागं करादिवा घेऊन उभी राहते ती करवली मोरपंखीत. अख्ख्या मांडवात मोरपंखी ती एकटीच.

"ती एकटी म्हंजे तू, ताई," पिंकी तिच्या गळ्यात पडली होती. "दुसऱ्या कुणाला त्यो रंग द्यायचाच न्हाय."

रेश्मा हरखली, बाई. हरखणारच की! नवऱ्यानं मारून घराबाहेर काढलं तेव्हापासून तिला कुणी कशात पुढं केलं नव्हतं. हळदी-बारशाला बोलवायचे, पण मानाची वेळ आली की हटकून, "रेश्मा, तेवढा चहा बघ गं." ती मुकाट्यानं चहा बघायची. बाकीच्यांचं जाऊ दे, सख्खी बहीण तरी आपली आहे, असं तिला वाटायचं. सोलापूरला साड्या घेताना लव्हेंडर जरा फिकट वाटतोय, बदलू या का, असं तिनं नुसतं विचारलं, तर पिंकी फणकारली.

"आता एक बी रंग हलवायचा न्हाय. फोटो बिघडत्यात."

लग्न आठवड्यावर आलं आणि आईनं सगळ्यांची ब्लाउजपिसं दुकानात पाठवली. रेश्माची शिस्त एकच, प्रत्येक पिसात मापाचा जुना ब्लाउज गुंडाळून द्यायचा. नावगाव कुणी लिहायचं नाही. सगळे तिनंच तर शिवलेले. माप हातात घेतलं की बाई कोण ते तिला कळायचं.

मोरपंखी पीस तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्यात माप कशाला असेल, स्वतःचं माप तिला पाठ. पण घडी उलगडली आणि आतून एक लाल ब्लाउज खाली पडला. ऐसपैस दंडाचा, पाठीला गोंडे. चुलतबहीण सोनमचा. दिवाळीला रेश्मानंच शिवला होता.

"चुकून आला असंल," ती मोठ्यानं म्हणाली. ऐकायला दुकानात कुणी नव्हतं.

मग तिचं लक्ष लव्हेंडरच्या गठ्ठ्याकडं गेलं. त्यातलं एक पीस सकाळपासून बाजूला पडलं होतं. मापच नव्हतं त्यात. कुणी शेजारीण विसरली असेल म्हणून ती आईला फोन करणार होती. आता फोन कशाला? माप द्यायची गरज नाही अशी बाई त्या गठ्ठ्यात एकच असणार, ती म्हणजे शिवणारी.

बोलावल्यावर पिंकी आली. आधी म्हणाली आईनं केलं, मग म्हणाली काकीनं हट्ट धरला. मग खाली मान घालून खरं बोलली.

"अकलूजच्या पाव्हण्यांना आमी सांगितलंय, थोरली पुण्याला नांदतीय. दाजींना रजा न्हाय, म्हणून लग्नाला यायला जमत न्हाय."

"कवा सांगितलं?"

"मला बघाय आल्ते तवाच."

त्या दिवशी आत बसून पोहे रेश्मानं केले होते. बाहेर तिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि गडबडीत राहिलं असेल म्हणून तिनंही मनावर घेतलं नव्हतं. आणि ती गळामिठी? ती त्यानंतरची! सगळं माहीत असून ही पोरगी गळ्यात पडली होती.

"मग मला मोरपंखीचं गाजर कशाला दावलंस?"

"तू मनापासनं करावंस म्हणून," पिंकी पुटपुटली. "न्हायतर एवढं केलं असतंस का? आन् तू ये की लग्नाला, कोण नको म्हणतंय? फकस्त कुणी इचारलं तर शेजारची म्हण."

जाताना वर म्हणाली, "सोनमचं जरा सैल ठेव हं. तिला दम लागतो."

रेश्माला रडूही येईना, इतका संताप आला होता. मग तिनं खडू घेतला आणि मोरपंखी पीस स्वतःच्या मापानं कापलं.

हळदीच्या आदल्या दिवशी पिंकी ब्लाउज न्यायला आली. मोरपंखी ब्लाउज तिनं उलटापालटा करून बघितला.

"अगं, ह्यात सोनमचा एक दंड तरी जाईल का?"

"न्हाय जाणार. करवलीच्या मापानं शिवलाय."

आणि खरं सांगायचं तर वेडीला अजून आशा होती. रंग हलवायचा नाही, दुसरं पीस मिळणार नाही, ब्लाउज बसणार एकटीला. आता तरी ही म्हणेल, ताई, तूच उभी राहा, पाव्हण्यांचं मी बघते. ती पिंकीच्या तोंडाकडं बघत राहिली.

पिंकीनं जरा विचार केला आणि ब्लाउज टेबलावर टाकला.

"ऱ्हाऊ दे. सोनम नेसंल दुसरं कायतरी. रंगाचं काय एवढं?"

रेश्मानं सगळे ब्लाउज पिशवीत भरले. सगळ्यांच्या वर पिंकीच्या शालूचा ठेवला.

"ह्याचे हुक राहिलेत," ती म्हणाली.

"मग लाव की! उद्या हळद हाय."

"ते करवलीचं काम. सोनमला सांग."

"तिला सुई तरी धरता येतीय का?" पिंकीचा आवाज रडवेला झाला. "ताई, असं काय करतीस? ताई, ऐक की!"

रेश्मानं पिशवी तिच्या हातात दिली आणि दुकानाचं शटर ओढायला घेतलं.

"ताई कुणाला म्हणतीस?" ती म्हणाली. "मी शेजारची."