काकूंनी लावलेलं नाव

मी एक जुनी, कोळशाची आणि तापट इस्त्री आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा करू नका. माझ्या पोटात निखारे असतात.

एका कारखान्यात लोखंड ओतून मला घडवलं, वर लाकडी मूठ बसवली आणि एका नवराबायकोने मला विकत घेतलं. कॉलेजच्या फाटकासमोर त्यांची छोटीशी लाँड्री होती. सगळे त्यांना काका आणि काकू म्हणत. काका मला फिरवायचे, काकू पाणी शिंपडायच्या नि घड्या घालायच्या. दोघांना मूलबाळ नव्हतं आणि दोघांचीही शाळा अर्धवट सुटलेली. म्हणून दरवर्षी कॉलेजातल्या एका गरजू मुलाला किंवा मुलीला ते शिष्यवृत्ती द्यायचे. दुनियेचे कपडे कडक इस्त्रीत ठेवणारी ही माणसं स्वतः मात्र दोन जोड कपड्यांवर वर्ष काढायची.

त्यांची परीक्षा मोठी गमतीची होती. मुलाच्या हातात मला द्यायचं आणि पुढे एक रुमाल ठेवायचा. जो आधी कडा नीट करील तो पास. मधोमध फिरवून मोकळा होणारा नापास. काका म्हणायचे, "कडेपासून धरणारा अर्ध्यावर सोडत नाही." या परीक्षेला शेंडा ना बुडखा, पण तिच्यातून कितीतरी मुलं शिकून मार्गी लागली.

त्यांतच एक उंच मुलगा होता, मी त्याला लांब्या म्हणते. त्यानेही कडा सुरेख केल्या. काकांची चूक झाली ती तिथे. मी त्याच्याच हातात होते, तेव्हाच चटका द्यायला हवा होता. लांब्या शिकला आणि पुढे त्याच कॉलेजचा प्राचार्य झाला. काकांना कोण आनंद!

काका गेले. काकूंनी होती नव्हती ती सगळी पुंजी कॉलेजच्या स्वाधीन केली आणि लांब्याला म्हणाल्या, "शिष्यवृत्तीला ह्यांचं नाव दे. मला दुसरं काही नको." लांब्या हो म्हणाला. प्रशस्तिपत्रं छापून आली, तेव्हा एक दाखवायला तो दुकानात आला. त्यावर काकांचं नाव कुठेच नव्हतं.

"काकू, समारंभाला मोठमोठे पाहुणे येतात. लाँड्रीवाल्याचं नाव बरं दिसत नाही," तो म्हणाला.

काकू "बरं" म्हणाल्या आणि पुन्हा घड्या घालू लागल्या. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. माझं मात्र डोकं फिरलं. याच्यासाठी मी इतकी वर्षं पोट जाळलं होतं?

समारंभाच्या सकाळी कॉलेजचा शिपाई लांब्याचा कोट घेऊन आला. काकूंनी माझ्यात रोजच्यापेक्षा दोन मुठी कोळसे जास्त भरले. कोट पालथा पसरला. मला पाठीच्या बरोबर मधोमध ठेवलं आणि त्या पाणी प्यायला गेल्या. त्यांनी आजवर मला कापडावर असं कधीच सोडलं नव्हतं. मी काय ते समजले. मित्रांनो, आयुष्यात एवढं मन लावून काम मी दुसरं केलं नाही.

शिपाई परत आला. पाठीवरचा तपकिरी, टोकदार डाग त्याला दिसला. त्याची मुलगी काकांच्याच शिष्यवृत्तीवर नर्स झाली होती. "झकास झालीय इस्त्री," एवढंच म्हणून तो कोट घेऊन गेला. घाईत असलेल्या साहेबांना त्याने तो मागून स्वतःच्या हाताने चढवला.

पुढचं त्यानेच येऊन सांगितलं. साहेब पाहुण्यांकडे वळले आणि सभागृहाला पाठ दिसली. आधी कुजबुज झाली, मग हसू फुटलं. मागच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "हा तर काकांच्या लाँड्रीचा शिक्का."

शिपायाच्या मागोमाग लांब्याच आला, कोट हातावर टाकून. "काकू, हे मुद्दाम केलंत?"

"मुद्दामच," काकू म्हणाल्या. "ह्यांचं नाव लावायची तुला लाज वाटत होती. मग म्हटलं, आपणच लावावं."

लांब्या खाली मान घालून निघून गेला. पुढच्या वर्षीच्या प्रशस्तिपत्रांवर काकांचं नाव आलं, तेही ठळक. काकूंनी त्याला माफ केलं असेल. मी केलेलं नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या शिक्षणासाठी कुणी झिजलं असेल, तर त्याचं नाव घ्यायला लाजू नका. आणि लाजणारच असाल, तर कपडे दुसरीकडे टाका.