पंचफुलेचा प्रश्न

हुंडा नको, पत्रिका नको, आणि मुलगा मुलीला प्रश्न विचारतो तसे मुलीनेही मुलाला विचारावेत, एवढ्या साध्या हेतूने जानरावांनी अकोल्याच्या जुन्या शहरात वधूवर मेळावा सुरू केला. धम्मदीक्षेला पाच-सहा वर्षं झाली होती, नव्या रीती घालून द्यायचा हुरूप होता, आणि जानरावांकडे लाऊडस्पीकर होता. हेतू चांगलाच होता. घात केला तो बुधाजीच्या पोरीने, पंचफुलेने.

पहिल्याच मेळाव्यात एका मुलाने माइकवर विचारलं, "मुलीले सैपाक येते काय?"

"येते," पंचफुला म्हणाली. "तुमाले जेवल्यावर आपलं ताट उचलता येते काय?"

मांडव असा हसला, की शेजारच्या कापसाच्या जिनातले हमाल काम टाकून पाहायला आले. मुलगा जो खाली बसला तो पुन्हा उठलाच नाही. दुसऱ्या मेळाव्यात एक गॉगलवाला कारकून आला. म्हणाला, मी रोज पेपर वाचतो. "मंग काल काय वाचलं?" झालं, त्याचं त-त-प-प सुरू झालं आणि पोरांनी पंचफुलेच्या नावाचा गजर केला.

तेव्हापासून मेळाव्यात लग्नं जुळायची थांबली. बाळापूरहून लोक गाड्या जुंपून, भाकरी बांधून येऊ लागले. बाया तिचे प्रश्न आपापल्या नवऱ्यांवर लावून पाहू लागल्या. "मले पंचफुलेनं पाडलं" असं गावात मिरवता यावं, म्हणून चार लेकरांच्या बापांनीही उमेदवार म्हणून नावं दिली. जानराव तिला सगळ्यांत शेवटी उभं करत, नाहीतर मांडव अर्ध्यातच रिकामा होई. एकदा बुधाजीने घरच्या घरी एक स्थळ पाहिलं, तर जानरावच हात जोडत दारात आले.

"असं करू नका बावा. पोरीचं लगन झालं तं मेळाव्याले कोन येईन?"

मेळावा लग्नासाठी आहे, हे बुधाजीला त्या वेळी आठवलं नाही. जानराव तर ते केव्हाच विसरले होते.

लोकांनी पोरीला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि खरं सांगायचं तर तिला वरून छान दिसत होतं. पण हळूहळू चुलीपुढे बसलं तरी कानात टाळ्या वाजू लागल्या. उद्या कोणी हसलंच नाही तर, या धास्तीने मेळाव्याच्या आदल्या दिवशी तिला घास उतरेना. बरोबरीच्या पोरींची लेकरं चालू लागली होती आणि ही अजून नवरे पाडत होती.

अशात एका मेळाव्यात ती मांडवामागच्या रांजणावर पाणी प्यायला गेली. तिथे दूर जंगलातल्या धारणीच्या शाळेतला मास्तर, देवमन नावाचा, आधीच पाणी पीत होता. त्याने पेला विसळून, भरून तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, "इतक्या लोकायले हसवता. तुमाले कोन हसवते?"

पंचफुलेने पेला घेतला. माइकशिवाय तिला आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं. ती उगाच हसली, आणि घरी जाईपर्यंत हसत राहिली. पुढल्या मेळाव्यासाठी देवमनने नाव दिल्याचं कळलं तेव्हा तिने ठरवूनच टाकलं: याला नाव-गाव विचारायचं आणि पसंत म्हणून मोकळं व्हायचं.

मेळाव्याच्या दिवशी देवमन तिच्यासमोर उभा राहिला.

"नाव?"

"देवमन."

"गाव?"

"धारणी."

मांडव गार पडला. मागून आवाज आला, "हे काय राजेहो! पंचफुला थंडी पडली!" एकजण उठून चपला शोधू लागला. आपण बोलत असताना माणसं उठलेली तिने कधी पाहिली नव्हती. तिच्या पायाखालची वाळू सरकली आणि जीभ आपोआप वळली.

"जंगलातून इथवर काहून आले? अस्वलीनं नाई म्हनलं काय?"

मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. चपला शोधणारा परत बसला. देवमनही हसला, थोडंसंच. मग माइक ओढून म्हणाला, "नाई. पन अस्वलीनं मले असं चारचौघायत नसतं इचारलं." सगळ्यांना जयभीम घालून तो खाली उतरला, पिशवी उचलली आणि चालू लागला.

"पडला! पडला!" जानराव माइकवर ओरडत होते. पंचफुलेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हवा असलेला एकुलता एक माणूस तिने स्वतःच्या तोंडाने घालवला होता. तिने मंचावरून उडी टाकली आणि ती धावत सुटली.

"चाला राजेहो, आता मजा तिकडं हाये!" म्हणत सगळा मांडव तिच्यामागे निघाला. मोर्णा नदीच्या पुलावर ही गर्दी झाली. बुधाजी चपला हातात घेऊन सर्वांत मागे धापा टाकत होता. जानरावांनी माइक आणायचा प्रयत्न केला, पण वायर पुलाच्या अलीकडेच संपली.

स्टँडवर धारणीच्या वाटेवरची परतवाड्याची एस.टी. लागली होती आणि देवमन खिडकीशी बसला होता. पंचफुला खिडकीखाली जाऊन उभी राहिली. लोक भिंतींवर, टपांवर चढले आणि ओरडू लागले, "प्रश्न! प्रश्न!"

तिच्या जिभेवर एक वाक्य तयारच होतं. झकास होतं, स्टँड दणाणला असता. तिने ते गिळलं आणि गर्दीकडे वळली.

"सगळे पाठ फिरवा! अन् कानावर हात ठेवा!"

पंचफुलेचा शब्द आजवर कोणी मोडला नव्हता. सगळ्यांनी पाठी फिरवल्या, टपावरच्यांनीसुद्धा. ड्रायव्हर तेवढा नागपूरचा होता, त्याला ही कोण ते ठाऊक नव्हतं. त्याने गाडी सुरू केली.

"माह्या तोंडाले टाळ्यायची चटक लागली होती," पंचफुला म्हणाली. "मले माफ करा. तुमी मले पसंत हाये."

आणि सवयीने ती थांबली, टाळी पडेपर्यंत थांबायची तशी. टाळी पडली नाही. मागे वळून पाहिलं तर नुसत्या पाठीच पाठी होत्या. तिला आधी भीती वाटली, आणि मग फार बरं वाटलं.

देवमनने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय म्हनलं? इंजनापाई काईच आयकू नाई आलं."

पंचफुलेने खिडकीचा गज धरला, टाचा उंचावल्या आणि तेच पुन्हा सांगितलं. या खेपेला ती कोणासाठी थांबली नाही.