घाम फुटलेले गणपती

रामवाडीतल्या गोविंदशेठच्या गणपती कारखान्यापुढे निम्मं पेण लोटलं होतं. चौऱ्याण्णव सालचा श्रावण, बाहेर झड लागलेली, आणि आत फळीवर रंगवून ठेवलेल्या मूर्तींना घाम फुटलेला. कपाळांवर टपोरे थेंब! "देव घाबरलाय गो बाय!" म्हणत बाया हात जोडत होत्या. आणि देव घाबरला कुणाला? तर नववीतल्या दर्शनाला!

दर्शना मिठागरावरची पोर. आई बायजाबाई कारखान्यात माती मळायची. वर्गात शेठची मुलगी भूमिका तिला 'खारटी' म्हणायची, डब्यात वाळू टाकायची, बाकावर बसू द्यायची नाही. सोमवारी कारखान्यातही तिने चिडवलं, तेव्हा दर्शनाने दातओठ खात तिच्याकडे रोखून पाहिलं. नेमके भूमिकेमागचे गणपती ओघळायला लागले. झालं! तिची नजर देवालाही बाधते अशी आवई उठली, आणि दुसऱ्या दिवशी दर्शनाला अख्खा बाक मोकळा मिळाला. खोटं कशाला बोला, तिला मजा आली. आरशापुढे तिने नजरेचा सरावसुद्धा केला.

मजा टिकली तीन दिवस. मग पुंडलिक भगत आला. निखाऱ्यांची भलीमोठी शेगडी पेटवून, धूप टाकून तो तासभर घुमला, "हुं फट्, नीघ रांडे!" आणि मूर्ती खडखडीत कोरड्या. शेठने त्याचे पाय धरले. सकाळी मूर्ती पुन्हा ओल्या.

"पोरीच्या डोळ्यांत हडळ हाय," भगत म्हणाला. "कपाळाला तापल्या उलथन्याचा डाग दिल्याबिगर जायाची नाय."

आज डागाचा दिवस होता. उलथनं लाल झालेलं पाहून दर्शना मागे सरली. हात ओल्या मूर्तीला लागला आणि घाबरून तोंडावर गेला. जिभेला चव कळली. खारट, वर कडवट. ही चव तिच्या घरची होती.

"आये, ही माती कंच्या पाण्यात मळलीस?"

"खाडीच्या. मे महिन्यात नळ आटलेला, शेठनीच सांगितलं."

"आणि त्या कोपऱ्यातल्या?"

"त्या जूनच्या. पावसाच्या पाण्यातल्या."

कोपऱ्यातल्या मूर्ती ठणठणीत कोरड्या होत्या. दर्शनाने त्यांच्यावर डोळे वटारले. गर्दी पुढे सरकली. एक थेंब आला नाही.

"मीठ हवेतलं पाणी वढतं!" ती ओरडली. "रंगवल्यावर पयली झड सोमवारी लागली, तवाच ह्या गळल्या. आमच्या घरी मिठाची गोण पावसात अशीच गळते. गोणीला काय हडळ लागते व्हय? भगतबाबा, आता शेगडीबिगर मंत्र म्हणा!"

भगताने म्हटले. मूर्ती ओल्याच राहिल्या. शेठने बोट लावून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. मग दर्शनाने भगताकडे रोखून पाहिलं, आणि काय सांगावं, त्याला मात्र दरदरून घाम फुटला! उलथनं टाकून तो मागच्या दाराने पसार झाला. बायजाबाईने लेकीला उराशी घट्ट धरलं.

भूमिकाही हळूच एक थेंब चाखून आली. "खारटच हाय गो," ती पुटपुटली. पुढच्या सोमवारी तिने बाकावर जागा करून दिली, भीतीने नव्हे.

बाबांनो, एका पोरीचं कपाळ वाचलं ते जिभेला लागलेल्या एका थेंबाने. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर उलथनं तापवण्याआधी जरा चाखून बघाल ना?