मी शिवलेली सीट

आमच्या गॅरेजात ऊठसूट ‘टोपी’ चालते. जुन्या गाड्या घासूनपुसून विकायचा धंदा, दुसरं काय ऐकायला मिळणार? थकलेलं इंजिन खपवलं, की टोपी घातली. येणारं गिऱ्हाईक भोळं असलं, तर ते स्वतःच टोपी: “दुपारी एक टोपी येतेय, चहा ठेवा.” आणि कुणी मालकालाच टोपी घातली, तर त्या दिवशी हा शब्द काढायची कुणाची छाती होत नाही.

मी आपली सीट शिवणारी. टोपीबिपीशी माझा संबंध नाही, असं घरी ठणकावून सांगत आले.

रविवारी जावई दारात पांढरी गाडी घेऊन हजर. लेक मागे बसलेली, सातवा महिना तिला.

“आई, एजंटकडून घेतली. निम्म्या भावात पाडली! त्यालाच टोपी घातली बघा मी,” जावई म्हणाले. “हिच्या आत्याला दाखवून येतो. घाट उतरला की आलंच.”

मी कौतुकानं सीटवर हात फिरवला आणि बोट कोपऱ्यात अडलं. कडेला दुहेरी शिवण, कोपऱ्यात उलटी गाठ. अशी गाठ माझ्याशिवाय कुणी मारत नाही. खोड आहे ती माझी.

पुरात बुडालेली गाडी होती ही. ब्रेकच्या नळ्या सडल्यात, असं मेकॅनिक माझ्यादेखत म्हणाला होता. मालक हसले होते, “घेणारा नळ्या बघत नाही, सीट बघतो.” मग मी सीट झकास करून दिली.

आता काय करू? सांगावं तर काम जाणार, जावयांपुढे अब्रू जाणार. निदान थांबवावं तरी.

“चहा घेऊन जा ना.”

“आत्ताच झाला, आई.”

“आज राहू द्या. मला बरं वाटत नाहीये.”

“काय गं, ठणठणीत तर आहेस,” लेक म्हणाली.

जावयांनी चावी फिरवली. मी घरात धावले, कात्री घेऊन आले आणि लेकीच्या बाजूचं दार उघडलं. “उतर आधी.” माझा आवाज ऐकून ती मुकाट्यानं उतरली. मी कडेची शिवण टराटरा उसवली. आतून वाळका चिखल भसाभसा पायरीवर सांडला.

जावई उतरून बघत राहिले. “पुरातली आहे ही,” ते हळूच म्हणाले. “मलाच टोपी घातली की. कुणी केलं असेल हे?”

लेक जवळ आली. लोंबणाऱ्या कापडाची गाठ ती बोटांनी चाचपत होती. लहानपणी तिचे सगळे फ्रॉक मीच शिवलेत. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“मी घातली, जावईबापू,” मी म्हटलं. “चावी द्या इकडे.”