मागचे पाय

अंतराळपटांची ती जुनी मालिका पुन्हा सुरू करायची ठरली, तेव्हा जुन्या नायक-नायिकेच्या घरी हे मोठे गुच्छ गेले. गब्दुलला कुणी विचारलंसुद्धा नाही. गब्दुल म्हणजे त्या दूरच्या ग्रहावरचा शेवटचा प्राणी. चार पाय, लांब मान, बैलापेक्षा दांडगा. त्याच्यासाठी लोक थिएटरात हमसून हमसून रडले होते. त्याच्या पोटात दोन माणसं असायची, हे मात्र कुणाच्या गावीही नव्हतं. पुढचे पाय आणि मान माझी आई. मागचे पाय माझे बाबा.

मी नव्या चित्रपटासाठी कलाकार निवडणाऱ्या ऑफिसातच आहे, म्हणून आईबाबांसाठी तोंड उघडलं. दिग्दर्शक म्हणाला, “प्राणी आम्ही कॉम्प्युटरवर करणार आहोत. पण आणा त्यांना, बघतो एकदा.” तो ‘एकदा’ त्याने असा काही उच्चारला की माझं डोकंच फिरलं.

अडचण घरचीच होती. आईबाबांच्या घटस्फोटाला युग लोटलं, पण अजून दोघांमधून विस्तव जात नाही. माझ्या लग्नात एकमेकांना निरोप पोचवायला त्यांनी मलाच पळायला लावलं होतं, नवरी मी असून! पण गब्दुलचं नाव काढताच दोघांनी लगेच होकार दिला. बाबांनी मला बाजूला घेतलं.

“उजवा गुडघा गेलाय गं माझा. ओणवं चालणं झेपेल की नाही, देव जाणे. तिला सांगू नकोस. आणि माझ्यापायी तिचं काम गेलं, असं तेवढं व्हायला नको.”

चाचणीच्या दिवशी गोदामातून गब्दुलचं कातडं आलं. रबर तडकलेलं, एक कान उंदरांनी कुरतडलेला. आई आत शिरली, बाबा ओणवे होऊन तिच्या मागे. मागच्याला आत काहीच दिसत नाही. आईच्या कमरेवर हात ठेवायचा आणि तिच्या श्वासाच्या तालावर पाऊल टाकायचं, ही त्यांची पद्धत. पोटाखालचे हुक मी लावत होते.

आणि ते रबराचं गाठोडं उभं राहिलं.

त्याच्या पोटात काय असतं, हे मला लहानपणापासून ठाऊक. पाण्याची बाटली, घामट टॉवेल, आईचा खोकला. तरी सांगते, त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. स्टुडिओतली कुजबुज थांबली. शिडीवरचा दिवेवाला तिथेच थबकला.

समोरच्या भिंतीपर्यंत चालायचं होतं. अर्ध्या वाटेत मागचा उजवा पाय लटपटला. मी शेपटी सावरत शेजारून चालत होते.

आतून आईचा आवाज आला. “गुडघा?”

“हं.”

“कधीपासून?”

“आत्ता नको ना.”

“बरं. भार टाक माझ्यावर. बसू या.”

गब्दुलने जमीन हुंगली. पुढचे पाय सावकाश मुडपले, मग मागचा भाग हळूहळू टेकला, आणि लांब मान जमिनीवर पसरली. एवढ्या मोठ्या देहाचा एक दीर्घ सुस्कारा सगळ्यांनी ऐकला. असं बसणं जुन्या एकाही चित्रपटात नव्हतं.

“म्हातारा झाला,” दिग्दर्शक पुटपुटला. “आपण मोठे होत होतो, तेव्हा हासुद्धा तिकडे जगत होता.” तो पुढे आला, फरशीवर मांडी घालून बसला, आणि त्या तडकलेल्या नाकाडावर हात ठेवून त्याने थेट गब्दुललाच विचारलं, “येशील ना रे?”

मान हलली नाही. आई थांबली होती.

“बोल,” ती आत कुजबुजली. “तू म्हणशील तसं.”

हे वाक्य मी आईच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. बाबांनीही ऐकलं नसावं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान नव्हतं.

मग गब्दुल उठायला लागला. आधी मागचे पाय उठले.