पहिल्या अपत्याचं नाव

"बाई, ते उत्तर बदला, नाहीतर पगार अडकेल. मग माझ्या नावाने बोंब मारायची नाही."

"बाकीची बदलली ना? एवढं एक राहू द्या."

"राहू द्या? बाजारात फुटलंय ते!" कम्प्युटरवाल्याने खिडकीच्या फळीवर हात आपटला. "कुलूप फुटल्यावर जुनीच किल्ली लावून बसणार तुम्ही?"

विद्यापीठाच्या पगाराचं काम बघणाऱ्या बाहेरच्या कंपनीच्या कम्प्युटरवर दरोडा पडला होता. सगळ्या कर्मचाऱ्यांचे पत्ते, फोन, खाती आणि ओळख पटवायला दिलेली गुप्त उत्तरं, सगळं चोरीला गेलं. कंपनीने हात वर केले, आणि शिव्या खायला हा कम्प्युटरवाला खिडकीत बसला. त्यामुळे तो सकाळपासून प्रत्येकावर खेकसत होता.

"प्रश्न काय आहे तुमचा? पहिल्या अपत्याचं नाव. आणि उत्तर..." त्याने पडद्यात डोकं घातलं. "वाचून दाखवू?"

"नको!"

ती एवढ्या जोरात ओरडली की रांगेतल्या माना वळल्या. मग मागून ग्रंथालयातला शिपाई म्हणाला, "डिंकताई, सोडा की आता. खिडकीला पण चिकटून बसलात!"

रांग हसली. वनस्पती विभागात वाळवलेली झाडं जाड कागदावर डिंकाने चिकटवायचं काम ती वर्षानुवर्षं करत आली होती. पोरांनी ठेवलेलं हे नाव आता प्राध्यापकांच्याही तोंडी बसलं होतं.

"मुलाचं नाव तर तुमच्या फाइलीत वेगळंच आहे," कम्प्युटरवाला डोळे बारीक करून म्हणाला. "मग ही कोण?"

ती रांगेतून बाहेर पडली.

"पाच वाजता खिडकी बंद करणार मी!" तो मागून ओरडला. "नंतर रडत येऊ नका!"

मुलाच्या आधी एक मुलगी झाली होती. दवाखान्यातून घरी आलीच नाही. "आता नाव कशाला शोधतेस? उगाच जीव अडकतो," असं सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याने मान हलवली. नाव तिने पोट दिसायला लागलं तेव्हाच ठरवून ठेवलं होतं, ते मनातच राहिलं. पुढे पगार कम्प्युटरवर गेला आणि पडद्याने विचारलं, पहिल्या अपत्याचं नाव काय? तिने इकडेतिकडे बघून ते टाकलं. तेव्हापासून दर महिन्याला पगाराची पावती बघताना ती ते नाव टाइप करायची आणि पडदा म्हणायचा, बरोबर. अख्ख्या जगात तेवढं एकच ठिकाण होतं, जिथे तिला कुणी बरोबर म्हणत होतं.

खोलीत येऊन तिने अर्धवट राहिलेला कागद पुढे ओढला. एक नाजूक वेल होता. डिंक लावून देठ दाबून ठेवला, की तो चिकटेपर्यंत बोट उचलता येत नाही. तेवढ्यात फोन वाजला. तिने तो खांदा आणि कानाच्या मध्ये दाबला.

"हॉस्पिटलमधून बोलतोय. तुमच्या मुलीला अपघात झालाय."

आणि त्या माणसाने नाव घेतलं. स्पष्ट, आडनावासकट.

खोटं आहे हे तिला तिथल्या तिथे कळलं. असे फोन येतील, लगेच ठेवून द्या, अशा सूचना प्रत्येक दारावर लागल्या होत्या. पण ते नाव आजवर कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. तिने स्वतःसुद्धा नाही.

"कशी आहे?" तिने विचारलं.

"रक्त खूप गेलंय. लगेच ऑपरेशन करायचंय. तुमच्या मोबाइलवर एक आकडा येईल, तो सांगा. म्हणजे इथले पैसे भरून घेतो."

"शुद्धीवर आहे?"

"आहे ना. सारखी आई-आई करतेय."

तिचं देठावरचं बोट घट्ट झालं.

"कपडे कुठले घातलेत तिने?"

"काय?"

"अंगात काय आहे तिच्या?"

"पिवळा... पिवळा ड्रेस आहे. आकडा आला का?"

"आणि केस?"

"मोठे आहेत. वेणी आहे. अहो, आई आहात का कोण? पोरगी मरायला टेकलीय आणि तुम्ही वेण्या कसल्या विचारताय!"

फोन थरथरला. आकडा आला होता.

"माझ्यासारखी दिसते का हो?"

"मी तुम्हाला कुठे बघितलंय?" तो बोलून गेला आणि मग चवताळला. "आकडा सांगता का नाही? काही झालं ना, तर तुमच्यामुळे गेली म्हणेन मी! तुमच्यामुळे!"

हे तिने पूर्वीही ऐकलं होतं. घरच्याच माणसांकडून, एवढं न ओरडता.

"ती गेली, तेव्हा तुम्ही बहुधा पाळण्यात असाल," ती शांतपणे म्हणाली. "एकदा परत नाव घ्या तिचं. मग ठेवते."

"येडी आहेस का गं, म्हातारे?" त्यापुढे त्याने आईवरून शिवी हासडली आणि फोन कापला.

तिचं बोट अजून देठावरच होतं. आज तिला फोन आला, उद्या तो नवऱ्याला जाईल, परवा मुलाला. ते नाव आता कुठल्याही तोंडातून, कुठल्याही शिवीच्या शेजारून येणार होतं. निदान त्याआधी एकदा ते तिच्या स्वतःच्या तोंडून निघायला हवं होतं. तिने दाराकडे पाहिलं आणि नाव घेतलं. आवाज घोगरा आला. घसा खाकरून तिने परत घेतलं, पोरीला जेवायला हाक मारावी तसं.

मग बोट उचललं. देठ चिकटला होता.

खिडकी बंद व्हायच्या बेतात होती. "आलात? मघाशी केवढा तमाशा!" कम्प्युटरवाला म्हणाला.

"पुसा ते."

"आता कसं सुचलं?" त्याने एक कळ दाबली. "गेलं. परत मिळणार नाही, आधीच सांगतो. नवा प्रश्न निवडा."

त्याने पडदा आणि कीबोर्ड तिच्याकडे वळवले. तिने यादी वाचली. पहिली शाळा, आईचं माहेर, आवडता रंग. तिथे थांबून तिने उत्तर टाकलं.

त्याने मान वाकडी करून वाचलंच. "पिवळा? एवढं सोपं? कुणीही ओळखेल की हो!"

"एकालाच माहीत आहे," ती म्हणाली. "आणि तो एव्हाना विसरला असेल."

"काय बोलता तुमचं तुम्हाला माहीत. खात्रीसाठी परत टाका."

तिने सावकाश, एकेक अक्षर शोधत, परत टाकलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. बरोबर.

"बघा, सगळा डिंक लावून ठेवला!" कम्प्युटरवाला करवादला आणि फडकं ओलं करून कळा पुसायला लागला.