पुडीतले एकतीस केस

ज्याचा दाढीचा ब्रश जास्त केस गाळेल त्याने मिशी उतरवायची असं ठरलं, आणि केस मोजायचं काम माझ्याकडे आलं. मी तळोज्याच्या एका कारखान्यात कच्चा माल तपासते. त्यामुळे मोजण्याच्या बाबतीत घरात माझा शब्द चालतो, बाकी बाबतींत आबांचा.

आबा म्हणजे माझे सासरे, मानसिंग. मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या बाजारात तीस वर्षं पोती उचललेले. पैज लागली तळमजल्यावरच्या नामदेवकाकांशी. खांदेश्वरला आमची इमारत जिथे आहे तिथे पूर्वी काकांची भातशेती होती. दोघं रोज सकाळी काकांच्या ओट्यावर, एकाच आरशासमोर, आळीपाळीने दाढी करतात. आबांची मिशी पांढरीशुभ्र आहे, काकांची काळीभोर. "मासं खावं लागतं," काका सांगतात. "दिवाल्याच्या बंदरावरची ताजी मासली. तुमच्या पिठल्याने काय होनार?"

काकांच्या भाच्याने दुबईहून त्यांना बॅजरच्या केसांचा ब्रश आणला. बॅजर म्हणजे थंड मुलखात बिळं करून राहणारा, तोंडावर काळेपांढरे पट्टे असलेला प्राणी. आठवडाभरात आबांनीही ऑनलाइन एक मागवला. त्याच्या डब्यावर 'प्युअर' असं लिहिलं होतं. या धंद्यात प्युअर ही सगळ्यात खालची प्रत असते, काकांचा ब्रश तिच्याहून दोन पायऱ्या वरचा होता. मी आबांना तसं सांगितलं.

"डब्यावर काय लिवलंय ते वाच की," आबा म्हणाले.

"मुंगसाचा हाय तुजा," काका म्हणाले. "त्याला बंदी हाय, पोलीस धरतील. माज्या पोराची हलद जेलातून बघशील."

"तुझा तेवढा देवाघरनं आलाय. रोज गालाला केस चिकटलेलं असत्यात ते कुनाचं?"

त्यातून पैज लागली. काकांचा मुलगा धनेश, त्याची हळद पंधरा दिवसांवर होती. काकांच्या पत्नी सरस्वतीकाकूंनी हे ऐकलं तेव्हा त्या मासे साफ करत होत्या. "लग्नघरात बापाने मिशी उतरवली," त्या म्हणाल्या, "तर सोयरे आधी विचारतील, कोन गेलं?" पण शब्द देऊन झाला होता.

मी नियम घातले. साबण एकच, पाणी कोमट. नवा ब्रश सुरुवातीला थोडे केस सोडतोच, म्हणून पहिल्या तीन दाढ्या धरायच्या नाहीत, पुढच्या सात धरायच्या. दाढी झाली की प्रत्येकाने आपल्या मगातलं पाणी काकूंच्या जुन्या चहाच्या गाळणीतून ओतायचं, गाळणीत राहील ते कागदाच्या पुडीत घालायचं आणि वर नाव लिहायचं. दाढीचे बारीक खुंट गाळणीतून निघून जातात, तेव्हा उरतील ते ब्रशचेच, असं मी धरून चालले.

हळदीच्या आधीच्या शनिवारी दोन्ही पुड्या कारखान्यात नेल्या आणि जेवणाच्या सुट्टीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. आबांचे चोवीस. सगळे पूर्ण लांबीचे, बुडाशी डिंकाचा कण. म्हणजे आबा कोमट पाणी म्हणून उकळतं घेत होते, त्याने ब्रशचा डिंक सुटत होता. काकांचे एकतीस. आबा जिंकले होते.

पण काकांच्या पुडीतले नऊच केस बॅजरचे होते. बॅजरचा केस बुडाशी फिकट, मध्ये काळा आणि शेंड्याला पुन्हा पांढरा असतो. उरलेले बावीस आखूड होते. बुडाशी किंचित पांढरे, तिथून शेंड्यापर्यंत काळे. मला काकांचं रोजचं काम आठवलं. दाढी झाली की ते वस्तऱ्याने मिशीची कड सरळ करतात आणि वस्तरा त्याच मगात धुतात. हे मी नियम करताना विचारायला हवं होतं.

संध्याकाळी काका ओट्यावर एकटे होते. मी त्यांना बावीस केसांचं वर्णन सांगितलं. त्यांचा हात मिशीवर गेला.

"कोनाला बोललीस?"

"अजून नाही."

"मग सगले मोज. मी हरलो म्हन."

"मग मिशी जाईल, काका."

"आनि खरं सांगितलं तर?"

"मिशी राहील."

"मधलं काय नाय?"

"नाही."

"तुमी शिकलेली मानसं," ते म्हणाले, "लय तरास देता."

रविवारी निकाल. काकांच्या तोंडाला फेस होता, आबा आरसा धरून उभे होते. मी म्हटलं, "आबा चोवीस. काका नऊ."

"एकतीस हुतं पुडीत," आबा म्हणाले. "मी मोजल्यात." दुसऱ्याची पुडी उघडायची नाही हाही एक नियम होता.

"बाकीचे बावीस ब्रशचे नाहीत."

"मग काय मांजराचं?"

काकांनी टॉवेलने फेस पुसला.

"माजे हायत," ते म्हणाले. "मिशीचे. रंगवलेले."

"गालनी माजी, वाटी माजी, रंग लावनारा हात पन माजा," दारातून काकू म्हणाल्या. "आनि सांगत फिरतात, दिवाल्याची मासली."

आबा हसायला लागले. हसता हसता थांबले, कारण नऊ आणि चोवीस यांतलं जास्त कोणतं हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी आरसा खाली ठेवला, खुर्चीत बसले आणि मान वर केली. "उतरव," ते म्हणाले. "शब्द म्हंजे शब्द."

काकांनी वस्तरा हातात घेतला आणि पुन्हा मगात ठेवला.

"हलदीला तू माज्या शेजारी उभा राहनार. बिनमिशीचा उभा राह्यलास तर लोक मलाच विचारतील, कोन गेलं."

"मग?"

"रंगव."

आबांनी आयुष्यात केसांना रंग लावला नव्हता, आणि ही गोष्ट त्यांनी अख्ख्या सोसायटीला निदान दोनदा सांगितली होती. "त्यापरीस उतरव," ते म्हणाले.

"जिंकला कोन?" काकांनी मला विचारलं.

"काका," मी म्हटलं.

बुधवारी संध्याकाळी काकूंनी एकाच वाटीतून दोन्ही मिश्या रंगवल्या. हळदीच्या दिवशी मांडवात दोघं शेजारी उभे होते. काकांचे उरणचे एक व्याही आबांकडे वाकून बघत राहिले. म्हणाले, "पावणे, या वयात एवढी काली मिशी. खाता काय तुमी?"

आबांनी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी हातातल्या हळदीच्या ताटात बघितलं.

"दिवाळ्याची मासळी," आबा म्हणाले.